प्रवाह, सांगाडा आणि मधली सरहद्द

वारा आणि पाणी यांच्या गतीचे गणित मांडणारे शास्त्र आणि पूल, धरण, पंख यांच्यातील ताणांचे गणित मांडणारे शास्त्र ही दोन्ही न्यूटनच्या एकाच नियमावर उभी असली, तरी त्यांची दप्तरे दीर्घकाळ वेगळी राहिली आहेत. एका दप्तरातला गणिती पंख ताठ व अचल आहे असे गृहीत धरून त्यावरचा वाऱ्याचा दाब काढतो. दुसऱ्या दप्तरातला गणिती तो दाब कोठून आला याची चौकशी न करता पंख किती वाकेल ते सांगतो. आणि पंख वाकला की त्यावरचा दाबही बदलतो, ही गोष्ट दोघांना ठाऊक असूनही ती नोंदवून परस्परांस कळवण्याचे काम मात्र कोणा एकाच्या जबाबदारीत स्पष्टपणे पडत नाही. ज्याला आज फ्लुइड-स्ट्रक्चर इंटरॅक्शन, किंवा अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यात नुसते एफएसआय, म्हणतात, ते मुख्यतः या दोन दप्तरांमधल्या देवघेवीचे शास्त्र होय. ही देवघेव कारकुनी स्वरूपाची समजली गेल्यामुळे तिच्या इतिहासाकडे फारसे कोणी कौतुकाने पाहिले नाही. वस्तुतः जोडगणित फसते तेव्हा दोन्ही बाजूंची समीकरणे बहुधा निर्दोष असतात आणि दोष सरहद्दीवर सापडतो. ती सरहद्द निसर्गाने आखलेली नसून आपल्या सोयीने आपण आखली आहे, हे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

या देवघेवीचा एक जुना व स्पष्ट दाखला लंबकाच्या प्रयोगात सापडतो. फ्रीड्रिख बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने सेकंदाच्या लंबकाची लांबी काटेकोरपणे मोजण्याचे काम हाती घेतले असता, १८२८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, झुलणाऱ्या गोळ्याच्या वजनातून हवेचा उत्प्लावक जोर वजा केला म्हणजे हिशेब पुरा होत नाही. गोळा आपल्याबरोबर भोवतालच्या हवेलाही हलवीत असतो, आणि त्या हवेचे जडत्व गोळ्याच्याच नावावर मांडावे लागते. फ्रेंच अभियंता द्यु ब्युआ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हीच गोष्ट हेरली होती, परंतु तिला गणिती प्रतिष्ठा मिळाली ती बेसेलनंतर. घर्षणरहित द्रवात पूर्ण बुडालेल्या गोळ्याच्या बाबतीत हे अतिरिक्त वस्तुमान त्याने बाजूस सारलेल्या द्रवाच्या नेमके निम्मे भरते. हवेत ते क्षुल्लक असते, पाण्यात ते दुर्लक्षिता येत नाही, आणि जेथे द्रव व घन जवळजवळ सारख्याच घनतेचे असतात तेथे ते सगळा कारभार उलथवून टाकू शकते. हा शेवटचा अनुभव मात्र जगाला येण्यास पुढे पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

विमानाच्या शोधानंतर हा प्रश्न प्रयोगशाळेतून निघून थेट माणसाच्या जिवाशी येऊन भिडला. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१६ साली, इंग्लंडमधील हँडली पेजच्या दोन इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाची शेपटी उड्डाणात भयंकर थरथरू लागली. फ्रेडरिक लँचेस्टर याने या प्रकरणाचा जो तपास केला तो आजही मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. शेपटीच्या डाव्या व उजव्या अंगांच्या झडपा, म्हणजे एलेव्हेटर, एकमेकींशी ताठ दांड्याने जोडलेल्या नव्हत्या; त्यामुळे विमानाचे शेपटीकडचे अंग पिळवटू लागले म्हणजे एक झडप वर आणि दुसरी खाली अशी उलटसुलट हालचाल होई, आणि अशा प्रत्येक हेलकाव्यागणिक वारा आपली थोडी ऊर्जा सांगाड्यात ओतीत जाई. दोन्ही झडपा एका ताठ नळीने एकत्र बांधणे हा त्यावरचा उपाय ठरला. लिओनार्ड बेअरस्टो आणि आर्थर फेज यांनी त्याच सुमारास या थरथरीचे, म्हणजे फ्लटरचे, पहिले गणित मांडले. १९२८ साली नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील फ्रेझर व डंकन यांनी त्यावर जो विस्तृत निबंध लिहिला त्याला विमानव्यवसायात ‘फ्लटरचे बायबल’ असे नाव पडले. आणि १९३५ साली अमेरिकेत थिओडोर थिओडोरसेन याने एनएसीए या संस्थेच्या ४९६ क्रमांकाच्या अहवालात डोलणाऱ्या पंखावरील वायुबलाचे बंदिस्त सूत्र दिले.

या सर्व मंडळींच्या लेखनात सरहद्द अशी नव्हतीच, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पंखाला वर-खाली होणे, पिळणे आणि झडप फिरणे अशा दोन-तीनच हालचालींची मुभा द्यायची, त्या हालचालींवर वायुबल कसे अवलंबून आहे ते सूत्राने लिहायचे, आणि दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच समीकरणात, एकाच माणसाच्या हस्ताक्षरात मांडायच्या, अशी ती रीत होती. देवघेव जेथे एकाच माणसाच्या डोक्यात होते तेथे हवाला चुकण्याची भीती नसते. विमानांच्या कारखान्यांत मात्र दोन स्वतंत्र कचेऱ्या हळूहळू निर्माण झाल्या: एकीत वातबोगद्यातील दाबांचे तक्ते येत, आणि तेथले लोक त्या पसरलेल्या दाबाचे पंखाच्या फासळ्या व कण्यांच्या छेदांवर पडणाऱ्या एकवट भारांत रूपांतर करून तो कागद दुसऱ्या कचेरीकडे ताणांच्या हिशेबासाठी पाठवीत. त्या कागदावर एखादा आकडा विपरीत दिसला तर तो हाताळणाऱ्या माणसाला शंका येई, आणि तो उठून शेजारच्या खोलीत विचारायला जाई. ही सोय आपण पुढे गमावली.

७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल जेमतेम चार महिन्यांच्या वापरानंतर ताशी सुमारे ४२ मैल वेगाच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याची चित्रफीत ज्याने अभियांत्रिकीच्या वर्गात पाहिली नाही असा विद्यार्थी विरळा, म्हणून त्याचे वर्णन येथे करीत नाही. एवढेच सांगतो की, त्या पुलाचा वाऱ्याविरुद्धचा स्थिर हिशेब चुकला नव्हता. डेकच्या बाजूंच्या अवघ्या ८ फूट उंचीच्या भरीव तुळया हलू लागल्यावर वारा त्यांच्याशी कसा वागेल, हा प्रश्न पूल-अभियंत्यांच्या दप्तरी तोवर दाखलच झालेला नव्हता.

याउलट ज्या घटनेविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, ती आपल्या सातारा जिल्ह्यात घडली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या परिसरात सुमारे ६.५ महत्तेचा भूकंप होऊन पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोयनेचे काँक्रीटचे धरण १०३ मीटर उंच. त्या वेळी शिवाजीसागर जलाशयात पाणी पायापासून सुमारे ९१.७५ मीटर चढलेले होते. धरणाच्या उतरत्या अंगाचा ढाळ पायापासून ६६.५ मीटरांवर एकदम बदलतो, आणि नेमक्या त्या मानेच्या आसपास, पाण्याकडच्या व बाहेरच्या अशा दोन्ही अंगांवर, धरणाच्या अनेक खंडांना आडव्या भेगा पडल्या. धरणाने पाणी सोडले नाही. पुढे त्या खंडांना काँक्रीटच्या धिऱ्यांचा आधार देऊन ते बळकट करण्यात आले. परंतु भेगा तेथेच का पडल्या, याचे उत्तर काँक्रीटच्या एकट्या गणितातून मिळेना, कारण धरण हादरते तेव्हा ते एकटे हादरत नाही, पाठीशी असलेले पाणीही त्याच्याबरोबर हलते.

या पाण्याचा हिशेब करण्याची एक तयार रीत त्यापूर्वीच उपलब्ध होती. हॅरल्ड वेस्टरगार्ड या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या प्राध्यापकाने हूव्हर धरणाच्या निमित्ताने, १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, असे सूत्र दिले होते की पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली आणि जलाशयाची एकूण खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला सात-अष्टमांशाने गुणावे, म्हणजे त्या पातळीवर किती मीटर जाडीचे पाणी धरणाला चिकटून हलते असे मानायचे ते कळते. हे सूत्र कोयनेला लावून पाहिले तर पायापाशी ही जाडी सुमारे ८० मीटर निघते. आणि धरणाच्या पायाची स्वतःची रुंदी सुमारे ७० मीटर आहे. काँक्रीट पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड असते हे मान्य करूनही, एवढे पाणी ज्याच्या अंगाशी बांधले गेले त्या धरणाचा डोलण्याचा काळ कोरड्या धरणासारखा राहणार नाही, हे उघड आहे. वेस्टरगार्डने धरण ताठ मानले होते. म्हणजे त्याच्या हिशेबात निरोप एकाच दिशेने जात होता. धरणाची लवचिकता आणि पाण्याची संपीड्यता दोन्ही जमेस धरणारे काम बर्कली येथील अनिल चोप्रा यांनी पुढे नेले, आणि चक्रबर्ती यांच्यासह १९७३ साली त्यांनी कोयनेच्या भेगांची मीमांसा प्रसिद्ध केली. तेव्हापासून कोयनेचे हे धरण जगभरच्या संशोधकांचे कसोटीचे उदाहरण होऊन बसले आहे. अबॅकस या विख्यात सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहातसुद्धा ते वेस्टरगार्डच्या अतिरिक्त वस्तुमानासह दाखल आहे, आणि कोयना कोठे आहे हे नकाशावर दाखवू न शकणारे परदेशी विद्यार्थी त्या धरणाची उंची मात्र अचूक सांगतात.

इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राच्या आगमनानंतर दोन्ही दप्तरांचा विस्तार झाला, परंतु तो निरनिराळ्या दिशांनी. सांगाड्याच्या बाजूला टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी बोइंग कंपनीतील विमानपंखांच्या कामातून १९५६ साली जी रीत मांडली, तिला क्लफ यांनी १९६० मध्ये फायनाइट एलिमेंट हे नाव दिले. तीत वस्तूचे लहान तुकडे पाडून तुकड्यांच्या कोपऱ्यांवर, म्हणजे नोडांवर, बल आणि स्थानांतर लिहिले जाते. प्रवाहाच्या बाजूला वेगळीच परंपरा रुजली, आणि तिच्याशी मराठी वाचकाचे एक खरे नाते आहे. पुण्यात जन्मलेले सुहास पाटणकर १९६२ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकून, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे गेले. तेथे १९६७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि १९७२ साली या गुरुशिष्यांनी दाब व वेग यांची परस्परांशी तडजोड घडवून आणणारी ‘सिंपल’ नावाची गणनपद्धती प्रसिद्ध केली. मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन करीत असताना पाटणकरांनी १९८० साली लिहिलेले पुस्तक, त्यातील भाषेच्या स्वच्छतेमुळे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाती राहिले. या परंपरेत जागेचे लहान कोठे पाडून प्रत्येक कोठ्यात किती आले, किती गेले आणि किती उरले याचा ताळेबंद मांडला जातो, आणि दाब सामान्यतः कोठ्याच्या मध्यावर लिहिला जातो.

कोपऱ्यावर लिहिणारे एक दप्तर आणि मध्यावर लिहिणारे दुसरे, हा भेद वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ त्यात आहे. शिवाय प्रवाहगणिताला भिंतीलगत अत्यंत बारीक जाळी लागते, कारण वेग तेथेच झपाट्याने बदलतो. सांगाड्याला ती तेथे लागत नाही, तर जेथे वाक किंवा खाच असेल तेथे लागते. म्हणजे एकाच पृष्ठभागावर दोन जाळ्या, किंवा अभियंत्यांच्या शब्दांत दोन मेश, आल्या आणि त्यांचे बिंदू एकमेकांवर पडेनासे झाले. जुन्या पेढीवर रोजकीर्द लिहिणारा एक आणि खतावणी करणारा दुसरा असला, आणि दोघे एकमेकांचे अक्षर ओळखत नसले, म्हणजे जो घोटाळा होतो तोच येथे यंत्राच्या वेगाने होऊ लागला.

विमानविद्येतल्या लोकांना ही अडचण सर्वांआधी जाणवली, कारण त्यांचे वायुबलाचे बिंदू आणि पंखाच्या सांगाड्याचे बिंदू हे मुळातच वेगळ्या ठिकाणी असत. १९७२ साली रॉबर्ट हार्डर व रॉबर्ट डेस्मरैस यांनी त्यावर एक सुरेख युक्ती काढली: सांगाड्याच्या सर्व ज्ञात बिंदूंतून जाणारा, अमर्याद पसरलेला एक पातळ पत्रा कल्पावा, तो बिंदूंवरच्या भारांनी कसा वाकेल ते गणिताने काढावे, आणि वायुबलाच्या बिंदूंची स्थानांतरे त्या पत्र्यावरून वाचून घ्यावीत. या सरफेस स्प्लाइनचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्या सारणीने स्थानांतरे सांगाड्याकडून हवेकडे नेली, तिचीच आडवी-उभी उलट करून बले हवेकडून सांगाड्याकडे आणली, तर हवेने केलेले कार्य आणि सांगाड्याला मिळालेले कार्य यांत फरक पडत नाही. बलाचा आणि स्थानांतराचा असे दोन परवाने वेगवेगळ्या हिशेबाने काढले, तर सरहद्दीवर ऊर्जा आपोआप निर्माण होते किंवा नाहीशी होते. आणि फ्लटरसारख्या विषयात, जेथे सगळा प्रश्नच ऊर्जा कोणाकडून कोणाकडे जाते हा आहे, तेथे अशी बनावट ऊर्जा म्हणजे खोटी साक्षच होय.

अशा गणितांच्या कसोटीसाठी जे पंख वापरले गेले त्यांत नासाच्या लँगली केंद्रातील, ४५ अंश मागे झुकलेला, ‘एगार्ड ४४५.६’ या नावाचा लहान नमुना सर्वांत प्रसिद्ध. तो महोगनी लाकडाचे थर चिकटवून केलेला होता. त्याचा एक प्रकार मुद्दाम दुबळा करण्यासाठी लाकडात भोके पाडून ती फोमने भरली होती, म्हणजे आकार जसाच्या तसा राहून ताठपणा तेवढा कमी व्हावा. १९६० च्या दशकाच्या आरंभी वातबोगद्यात घेतलेली त्याची मोजमापे आजही नवे कपलिंग, म्हणजे जोडणीचा प्रोग्रॅम, लिहिणारा प्रत्येक जण आपल्या उत्तराशी ताडून पाहतो.

आता दोषांकडे जरा जवळून पाहू. समजा, पाइपच्या एका वाकणावर, म्हणजे बेंडवर, आतील प्रवाहाचा भार सांगाड्याच्या सॉल्व्हरकडे, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पाठवायचा आहे. प्रवाहाच्या बाजूला भिंतीवरील बलांची बेरीज १२५० न्यूटन येते आणि सांगाड्याच्या बाजूला पोचलेल्या बलांची ११७५. मधले ७५ न्यूटन कोठे गेले? अनुभवी माणूस प्रथम नकाशाबाहेर राहिलेल्या बिंदूंची यादी मागवतो. वाकणाच्या आतल्या अंगाला सांगाड्याची जाळी भरड असल्यामुळे तिच्या सरळ कडा खऱ्या वक्र भिंतीपासून किंचित दूर पडलेल्या असतात. शोधाची मर्यादा, म्हणजे टॉलरन्स, त्या अंतरापेक्षा कमी ठेवलेली असते. आणि ज्या बिंदूला जोडीदार सापडला नाही त्याचे बल प्रोग्रॅमने चुपचाप शून्य धरलेले असते. इशारा दिलेला असतो, पण हजार ओळींच्या नोंदवहीत तो वाचतो कोण!

बेरीज जुळली म्हणजे सर्व ठीक, असेही नाही. प्रवाहाचे लोक दाब बहुधा वातावरणाच्या दाबापासून मोजतात. कोणी निरपेक्ष दाब पाठवला तर भिंतीवर १,०१,३२५ पास्कल जास्तीचे येतात, आणि बाहेरच्या अंगाला तेवढाच उलट दाब कोणी लावलेला नसल्यामुळे पाइप विनाकारण फुगतो. तो वाढीव दाब चहूबाजूंनी सारखा असल्याने एकूण बेरजेत बऱ्याचदा दडून राहतो आणि परिघाच्या ताणात तेवढा प्रकट होतो. एककांचा घोळ तर नित्याचाच आहे. सांगाड्याची मंडळी मिलिमीटर, टन आणि सेकंद या पद्धतीत काम करतात, तेव्हा त्यांचा दाब मेगापास्कलमध्ये असतो. पलीकडून आलेला १००० हा आकडा पास्कलमधला आहे हे सांगायचे राहिले, तर भार दहा लाखपट होतो. एवढी मोठी चूक निदान लपत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. पातळ पत्र्याच्या बाबतीत चूक लपते: सांगाड्याकडे पत्र्याचे एकच मध्यपृष्ठ असते, प्रवाहाकडे मात्र त्याच पत्र्याची दोन ओली अंगे असतात, आणि जवळचा बिंदू शोधणारा प्रोग्रॅम वरच्या अंगाचा दाब खालच्या अंगाला लावून मोकळा होतो; पृष्ठाची दिशा उलटी नोंदली गेली असेल तर ओढ ढकल होऊन बसते.

याच सरहद्दीवर एक शास्त्रीय वादही बराच काळ चालला. एका पक्षाचे म्हणणे असे की एकूण बल आणि कार्य यांत एक कणही गळता कामा नये; शार्बेल फार्हात, मिशेल लेस्वान व पात्रिक ल तालेक यांनी १९९८ साली या पक्षाची बाजू पद्धतशीरपणे मांडली. दुसऱ्या पक्षाने असे दाखवले की गळती बंद करण्याच्या हट्टापायी, सांगाड्याची जाळी प्रवाहाच्या जाळीहून बारीक असली तर, काही नोडांना भरमसाट बल मिळते आणि शेजारच्यांना काहीच नाही; एकसारखा दाब पलीकडे पोचेपर्यंत दातेरी होतो. डेल्फ्टच्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून तपासल्या. माझ्या मते हा वाद तत्त्वाचा कमी आणि कामाचा अधिक आहे: जेथे थरथरीचा प्रश्न आहे तेथे ऊर्जेची जपणूक पाळावी, आणि जेथे एखाद्या खाचेतील स्थानिक ताण पाहायचा आहे तेथे दाबाचा आकार जपावा.

अवकाशातली सरहद्द सांभाळली तरी काळातली उरते. दोन सॉल्व्हर आळीपाळीने चालतात. प्रवाहाने एक टाइम स्टेप, म्हणजे काळाची एक पायरी, पुरी केली की दाब पाठवायचा, सांगाड्याने हलून नवे स्थान कळवायचे, आणि पुढची स्टेप सुरू करायची. या दिरंगाईमुळे प्रत्येक बाजू दुसरीच्या किंचित शिळ्या बातमीवर निर्णय घेते. विमानाच्या बाबतीत हवा हलकी आणि पंख जड असल्यामुळे हा कारभार पुष्कळसा निभतो. परंतु रक्तवाहिन्यांचे गणित करणाऱ्यांना विचित्र अनुभव आला: रक्त आणि वाहिनीची भिंत यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने गणित पहिल्या काही पायऱ्यांतच भडकू लागले, आणि जो उपाय इतर सर्वत्र लागू पडतो, म्हणजे टाइम स्टेप लहान करण्याचा, त्याने ते अधिकच लवकर भडकले. पाओला काउझिन, जाँ-फ्रेदेरिक गेर्बो आणि फाबिओ नोबिले यांनी २००५ साली या विकाराचे निदान केले. बेसेलच्या गोळ्याने ओढून नेलेले तेच अतिरिक्त वस्तुमान येथे आडवे आले होते: ते एका पायरीने उशिरा जमा होत असल्यामुळे घनाच्या स्वतःच्या वस्तुमानावर कुरघोडी करीत होते.

त्यावरचा सर्वांत प्रचलित उपाय गणकयंत्राच्याही आधीचा आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले व एडिंबरो विद्यापीठात शिकवणारे अलेक्झांडर एटकेन यांनी १९२६ साली, हाताने करायच्या आकडेमोडीत, एकापाठोपाठ येणाऱ्या उत्तरांवरून अंतिम उत्तराचा अंदाज आधीच बांधण्याची एक रीत दिली होती. स्वान्सी येथील ब्रूस आयर्न्स यांनी टक यांच्यासह १९६९ मध्ये ती गणकयंत्रासाठी बेतली, आणि २००८ साली उल्रिख क्युटलर व वोल्फगांग वॉल यांनी द्रव-घन जोडणीत तिची उपयुक्तता सिद्ध करून दाखवली. एकाच टाइम स्टेपमध्ये दोन्ही सॉल्व्हरांना पुन्हापुन्हा फिरवायचे, परंतु आलेले नवे स्थानांतर पूर्ण न स्वीकारता त्याचा काही अंशच स्वीकारायचा, आणि तो अंश मागील दोन फेऱ्यांच्या फरकावरून दर वेळी नव्याने ठरवायचा, एवढेच तिचे सार. स्वीकाराचा अंश हाताने ०.५ वगैरे ठरवून बसणारे लोक अजून भेटतात. त्यांचे गणित चालते, पण बैलगाडीच्या वेगाने.

सांगाडा हलला की प्रवाहाची जाळीही हलवावी लागते. ती फार ताणली गेली की एखादा कोठा उलटा होऊन त्याचे आयतन ऋण येते आणि सॉल्व्हर तेथेच थांबतो. लॉस अलामॉस येथील हर्ट, अ‍ॅम्सडेन व कुक यांनी १९७४ साली हलत्या जाळीवर प्रवाहाचा हिशेब लिहिण्याची जी पद्धत दिली ती आजही पाया आहे. चार्ल्स पेस्किन यांनी तर १९७२ साली हृदयाच्या झडपांसाठी जाळी अचल ठेवून झडपेचे तंतूच बलांच्या रूपाने प्रवाहात मिसळले, आणि सरहद्दीचा प्रश्न निराळ्याच अंगाने सोडवला. ऋण आयतनाच्या तक्रारीत जाळीला दोष देण्याची घाई होते. पुष्कळदा खरा अपराधी मागच्या पायरीत आलेला अवास्तव भार असतो.

दोन दप्तरांमधल्या या देवघेवीवर व्यापारी जगाने आपल्या पद्धतीने तोडगा काढला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने एमपीसीसीआय नावाचा मध्यस्थ प्रोग्रॅम पुढे आणला. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या सॉल्व्हरांमध्ये बसून दुभाष्याचे काम करणे एवढेच त्याचे काम. पुढे म्युनिक व श्टुटगार्ट येथील विद्यापीठांतून प्रीसाइस हा तशाच कामाचा मुक्त प्रोग्रॅम आला. कंपन्यांनी मध्यस्थाऐवजी विलीनीकरणाचा मार्ग धरला. जॉन स्वानसन यांनी १९७० साली पिट्सबर्गच्या परिसरात सांगाड्याच्या गणितासाठी काढलेली कंपनी पुढे ॲन्सिस झाली. तिने २००३ मध्ये सीएफएक्स आणि २००६ मध्ये फ्लुएंट ही प्रवाहाची दोन मोठी दप्तरे विकत घेतली, आणि पुण्याच्या हिंजवडीत आज प्रवाह व सांगाडा दोन्हींची मंडळी एकाच कंपनीच्या छत्राखाली बसतात. मालक एक झाला. जाळ्या मात्र दोनच राहिल्या.

या सर्व उद्योगाला एक समाईक कसोटी मिळाली ती २००६ साली. डॉर्टमुंडचे स्टेफान टुरेक आणि प्रागचे यारोस्लाव ह्रोन यांनी २.५ मीटर लांब व ०.४१ मीटर उंच अशा नाल्यात एक ताठ वर्तुळ आणि त्याच्या मागे ३५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाड लवचिक पट्टी ठेवून प्रवाह सोडण्याचे गणित ठरवून दिले. वर्तुळाचा मध्य तळापासून ०.२ मीटरवर, म्हणजे नाल्याच्या खऱ्या मध्यापेक्षा मुद्दाम ५ मिलिमीटर खाली ठेवला आहे, म्हणजे पट्टी डोलू लागण्याची वेळ गणकयंत्रातल्या पूर्णांकनाच्या चुकांवर अवलंबून राहू नये. द्रव व घन सारख्याच घनतेचे असलेल्या, या कसोटीच्या सर्वांत कठीण प्रकारात पट्टीचे टोक दोन्ही बाजूंना सुमारे ३४ मिलिमीटर हेलकावते. पुष्कळ लोक आपले मोठे गणित अडल्यावर त्यातच महिनोन्महिने चाचपडत राहतात. त्याऐवजी तीच जोडणी आधी या लहानशा पट्टीवर चालवून पाहिली, तर दोष सॉफ्टवेअरच्या मांडणीत आहे की आपल्या नमुन्यात, याचा निकाल लवकर लागतो.

म्हणून या व्यवसायात नव्याने आलेल्या तरुण अभियंत्यांना एक विनंती आहे. आपल्या अहवालात रंगीत चित्रांच्या आधी एक लहानसा तक्ता द्यावा: प्रवाहाच्या बाजूची तिन्ही दिशांची बले व परिबले, सांगाड्याच्या बाजूची तीच, जोडीदार न सापडलेल्या बिंदूंची संख्या, दोन्हींकडची एकके, आणि एका टाइम स्टेपमध्ये सरहद्दीवरून गेलेले व आलेले कार्य. हा तक्ता नसलेला अहवाल वरिष्ठांनी सही न करता परत पाठवावा.